‘हॅमरची स्वस्त नक्कल’ म्हणे!

भयपटांचा विषय निघाला की एक मत हमखास पुढे येतं, आणि ते इतक्या जणांनी इतक्या वेळा पुढे सरकवलंय की मूळ कोणाचं ते आता सांगता येणार नाही. थोडक्यात ते असं: साठ-सत्तरच्या दशकांत इटली, फ्रान्स, स्पेनमध्ये निघालेले कमी पैशांतले व्हॅम्पायरपट म्हणजे इंग्लंडच्या हॅमर कंपनीच्या ड्रॅक्युलाची स्वस्त नक्कल. पैसा नव्हता तसं कौशल्यही नव्हतं. कथेला शेंडा ना बुडखा. उघड्यानागड्या बायका दाखवून तिकिटं खपवायची, बाकी काही म्हणायचं नव्हतंच. डबिंग तर असं की घाबरायच्या जागी हसू फुटावं. तेव्हा चार मित्र जमवा, हे सिनेमे लावा आणि टर उडवा.

टर मीही उडवलेली आहे. कॉलेजात असताना एका ओरखडे पडलेल्या सीडीवर यातला पहिला सिनेमा पाहिला, तेव्हा आम्ही सहाजण गडाबडा लोळलो होतो. तो सिनेमा कोणता, त्याचं मूळ नाव काय, तो कापलेला आहे का, हे विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही. म्हणून या मताशी माझं भांडण थोडं स्वतःशीच आहे.

आधी नकलेचं बघू, कारण तिथे तारखाच पुरेशा आहेत. रिकार्दो फ्रेदाचा ‘ई व्हाम्पीरी’ इटलीत एप्रिल १९५७ मध्ये लागला. हॅमरचा फ्रँकेन्स्टाइन त्याच्या पुढच्या महिन्यात आला आणि क्रिस्टोफर लीने साकारलेला ड्रॅक्युला तर १९५८ मध्ये. म्हणजे ज्याची नक्कल केली म्हणतात, तो तेव्हा जन्मलाच नव्हता. शिवाय ‘ई व्हाम्पीरी’त काळा झगा नाही, सुळे नाहीत, लसूण नाही. त्या काळातलं आधुनिक पॅरिस, तरुण मुलींची रक्त शोषलेली प्रेतं, मागावर असलेला एक पत्रकार, आणि एका उमरावीणबाईचं तारुण्य टिकवायला दुसऱ्यांचं रक्त चढवणारा शास्त्रज्ञ. गॉथिक वाड्यात शिरलेली ही पोलिसी कथा आहे.

हो, सिनेमा चालला नाही. इटालियन प्रेक्षकाला इटालियन भयपट ही कल्पनाच पटली नाही. हॅमरचा ड्रॅक्युला तुफान चालल्यावर मात्र रोमच्या निर्मात्यांनी खिशात हात घातले, आणि त्यानंतरच्या काही सिनेमांत नक्कल उघड दिसते. दिग्दर्शकांनी इंग्रजी नावंसुद्धा घेतली. फ्रेदा झाला रॉबर्ट हॅम्प्टन, आन्तोनियो मार्गेरिती झाला अँथनी डॉसन. धंदा होता तो, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण हॅमर तरी कुठे राजवाड्यात बसला होता? त्यांचा तो प्रसिद्ध ड्रॅक्युला सुमारे ८१ हजार पौंडांत, टेम्सच्या काठच्या एका बंगल्यात थाटलेल्या स्टुडिओत झाला. गरीब घरातल्या दोन भावांपैकी एकाला खानदानी आणि दुसऱ्याला नकलाकार ठरवण्यातला प्रकार आहे हा.

आणि मूळ कथाच वेगळी. हॅमरने ब्रॅम स्टोकरची १८९७ ची कादंबरी धरली. युरोपातले हे लोक वारंवार गेले ते शेरिडन ले फानूच्या ‘कार्मिला’कडे, जी स्टोकरच्या पाव शतक आधीची. तिथे रक्त पिणारी एक तरुणी आहे, आणि ती घरात पाहुणी म्हणून येते. रोजे व्हादिमने १९६० मध्ये त्या कथेवर सिनेमा केला. हॅमर कार्मिलाकडे वळला १९७० मध्ये. आता नक्कल कोणी कोणाची केली ते सांगा. (आपल्याकडे हडळ, जखीण, लावसट असा बायकांचाच गोतावळा असल्यामुळे मला कार्मिलाच जवळची वाटते, झग्यातला उमराव कायम पाहुणाच राहिला.)

दुसरा आरोप: पैसा नाही म्हणजे कौशल्य नाही. यावर मारिओ बाव्हा हे एकच नाव पुरेल. ‘ई व्हाम्पीरी’चा तो छायाचित्रकार. फ्रेदा मधेच काम टाकून निघून गेला आणि हातात उरलेल्या दोनेक दिवसांत बाव्हाने सिनेमा पुरा केला. त्यात उमरावीणबाई कॅमेऱ्यासमोर, एकाच शॉटमध्ये, कुठेही न कापता म्हातारी होते. कसं केलं? कृष्णधवल फिल्मला रंग कळत नाही, उजेड आणि अंधार तेवढा कळतो. नटीच्या चेहऱ्यावर लाल रंगाने सुरकुत्या काढायच्या. दिव्यापुढे लाल काच असेपर्यंत त्या कातडीत विरघळून जातात. काच सरकवून हिरवी-निळी आणली की त्याच सुरकुत्या काळ्या होऊन वर येतात. खर्च किती? दोन काचा आणि थोडा रंग. युक्ती बाव्हाने शोधलेली नाही, हॉलिवुडने १९३१ मध्ये जेकिल-हाइडसाठी ती वापरली होती. पण ती कुठे, किती वेगाने आणि कोणत्या चेहऱ्यावर चालवायची हे त्याला कळत होतं. वडील एउजेनिओ मूकपटांच्या काळातले छायाचित्रकार आणि ट्रिकचे कारागीर, त्यामुळे विद्या घरातलीच होती.

तीन वर्षांनी त्याने ‘ला मास्केरा देल देमोन्यो’ केला, गोगोलच्या एका कथेवरून, बार्बरा स्टीलला घेऊन. त्यातली धुक्यातून मंद गतीत, जराही आवाज न करता येणारी घोडागाडी एकदा पाहा. सेट तुटपुंजा आहे हे धुकं झाकतं, आणि तेच धुकं भीतीही घालतं. हा सिनेमा ब्रिटनच्या सेन्सॉरने १९६८ पर्यंत अडवून धरला होता. ज्यांना सिनेमा करता येत नाही त्यांच्या सिनेमाला इतकं घाबरायचं कारण काय असावं?

डबिंगचा मुद्दा इथेच उरकून टाकतो. इटलीत त्या काळी बहुतेक सिनेमे सेटवर आवाज न टेपता काढले जात आणि संवाद नंतर चढवले जात. नट इंग्लिश, नटी जर्मन, खलनायक स्पॅनिश, पैसे तीन देशांचे. प्रत्येकजण आपापल्या भाषेत बोलून मोकळा. मोठमोठे इटालियन दिग्दर्शकही असंच काम करत, त्यांना कोणी हसत नाही. हसू येतं ते परदेशी वितरकांनी नंतर घाईत चिकटवलेल्या इंग्रजीचं. बाव्हाच्या सिनेमाचं तर अमेरिकी वितरकाने संगीतही काढून टाकलं आणि दुसऱ्याच संगीतकाराचं घातलं.

सगळ्यात मासलेवाईक उदाहरण स्पेनचं. नट-लेखक पॉल नाशीचा १९६८ चा ‘ला मार्का देल ओम्ब्रे लोबो’ म्हणजे लांडगामाणसाची कथा, तिच्यात एक व्हॅम्पायर जोडपं. अमेरिकेतल्या वितरकाने थिएटरवाल्यांना फ्रँकेन्स्टाइनचा सिनेमा कबूल केला होता आणि तो हाताशी नव्हता. मग त्याने या सिनेमाच्या नावातच फ्रँकेन्स्टाइन घुसवला आणि सुरुवातीला एक छोटा चित्रतुकडा जोडून सांगितलं की शापामुळे फ्रँकेन्स्टाइन घराणंच लांडगं झालं! प्रेक्षक तासभर फ्रँकेन्स्टाइनची वाट पाहणार आणि शेवटी म्हणणार, काय भंगार कथा आहे. आमच्या सीडीवरही असंच काही असणार.

कथेचा आरोप मात्र एका माणसाच्या बाबतीत खरा आहे, आणि तो माणूस मला या सगळ्यांत सर्वांत आवडतो. फ्रेंच दिग्दर्शक झाँ रोलाँ. एका जुन्या, लांबीला कमी पडणाऱ्या अमेरिकी व्हॅम्पायरपटाला जोड म्हणून त्याला एक लहान सिनेमा करायला सांगितलं. तो बरा जमला म्हणून निर्माता म्हणाला, आणखी एक भाग काढ म्हणजे पूर्ण लांबीचा होईल. अडचण अशी की पहिल्या भागात पात्रं मरून गेली होती. रोलाँने त्यांना सरळ पुन्हा उठवलं. असा तयार झालेला ‘ल व्हिऑल द्यु व्हाँपीर’ पॅरिसमध्ये लागला तो मे १९६८ मध्ये. रस्त्यावर दगडफेक, देशभर संप, नवे सिनेमे जवळजवळ बंद. जे थोडं काही लागलं होतं ते बघायला गर्दी झाली, आणि गर्दी भडकली. पडद्यावर वस्तू फेकल्या गेल्या. त्या प्रेक्षकांची मी बाजू घेईन. मलाही तो सिनेमा पहिल्यांदा कळला नाही, दुसऱ्यांदा थोडा कमी कळला.

पण रोलाँ कथा सांगायला बसलाच नव्हता. मूकपटांच्या जमान्यातल्या फ्रेंच मालिकापटांवर आणि अतिवास्तववादी चित्रांवर तो वाढला. एक चित्र सुचायचं आणि त्याच्याभोवती तो सिनेमा गुंडाळायचा. मध्यरात्री लंबकाच्या उभ्या घड्याळाचं दार उघडून बाहेर पडणारी व्हॅम्पायर बाई. दिएपजवळचा पूर्व्हिलचा दगडगोट्यांचा किनारा, जिथे तो आयुष्यभर परत परत कॅमेरा घेऊन गेला. १९७५ च्या ‘लेव्र द सां’च्या शेवटी दोघं प्रेमी एका शवपेटीत शिरतात आणि भरतीचं पाणी ती पेटी समुद्रात ओढून नेतं. शवपेटी, दोन नट आणि फुकटचा समुद्र! पुढे १९७९ च्या ‘फासिनासिओं’मध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुखवस्तू बायका कत्तलखान्यात उभ्या राहून पेल्यातून बैलाचं रक्त पितात. रक्तक्षयावर तेव्हा खरोखर असा उपाय सांगितला जाई. रोलाँने त्यात काही भर घातली नाही, पांढरे पोशाख तेवढे घातले.

पोट भरायला याच माणसाने टोपणनावाने अश्लील सिनेमे काढले. म्हणून आता उघडेपणाच्या आरोपाकडे वळतो.

आरोप निम्मा मान्य. नग्नतेवर तिकिटं खपत होती आणि निर्माते ती मागून घेत. काही सिनेमांत ती इतकी ओढूनताणून आणली आहे की कंटाळा येतो. उरलेलं निम्मं समजायचं तर हुकूमशहा फ्रँकोचा स्पेन पाहावा लागतो. तिथे एकाच दृश्याचे दोन शॉट घेण्याची पद्धत होती: कपडे घातलेला देशातल्या प्रेक्षकांसाठी, कपडे उतरवलेला निर्यातीसाठी. बाकीच्या जगाने जे पाहिलं ते स्पेनने पाहिलंच नाही. सेन्सॉरला राक्षसाचं राष्ट्रीयत्वही चालत नसे. नाशी सांगायचा की त्याचा लांडगामाणूस मूळचा अस्तुरियासचा होता, पण स्पॅनिश माणूस लांडगा होतो हे कसं दाखवणार? म्हणून तो लांडगामाणूस, वाल्देमार दानिन्स्की, पोलंडचा झाला. याच नाशीच्या १९७१ च्या ‘ला नोचे दे वाल्पुर्गिस’मध्ये व्हॅम्पायर बाया मंद गतीत तरंगत येतात. दिग्दर्शक क्लिमोव्स्कीकडे दुसरी कुठलीच ट्रिक नव्हती, आणि दुसरी लागलीही नसती.

बेल्जियमचा ‘ले लेव्र रूज’ (१९७१) तर या आरोपाला सरळ उलटवून टाकतो. हॅरी क्युमेलने ऑस्टेंडचं समुद्रकाठचं एक भलंथोरलं हॉटेल घेतलं, तेही हिवाळ्यात, पर्यटक नसताना. एक नवपरिणीत जोडपं उतरलंय आणि काउंटेस बाथोरी (मुलींच्या रक्तासाठी बदनाम झालेल्या हंगेरीच्या उमरावीणबाईचं हे नाव) आपल्या तरुण सोबतिणीबरोबर येते. काउंटरवरचा म्हातारा तिला पाहून चरकतो: चाळीस वर्षांपूर्वी तो इथे पोऱ्या होता तेव्हा ही बाई आली होती, आणि अगदी अशीच दिसत होती. काउंटेस झालीय देल्फीन सेरिग. फ्रेंच कलात्मक सिनेमातली ही मोठी नटी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये, गर्भपात बेकायदा असताना, ‘आम्ही गर्भपात केला आहे’ असं जाहीर सांगणाऱ्या ३४३ फ्रेंच स्त्रियांत तिची सही होती. ती या सिनेमात चुकून आली असेल असं वाटत असेल तर तिने नवऱ्याच्या मारहाणीतली खोट नवरीला किती गोड आवाजात समजावलीय ते ऐका. इथे व्हॅम्पायरपेक्षा नवरा भीतिदायक आहे.

राहता राहिला शेवटचा मुद्दा, या सिनेमांना काही म्हणायचंच नव्हतं हा. त्यासाठी मी मुद्दाम यातला एक वाईट सिनेमा घेतो. स्पॅनिश दिग्दर्शक खेसुस फ्रँकोने (हुकूमशहा फ्रँको वेगळा) दोनशेच्या आसपास सिनेमे काढले. मी पाहिले त्यांतले निम्म्याहून अधिक मला सोसवले नाहीत. १९७० चा त्याचा ‘एल कोंदे द्राकुला’ त्यातलाच. क्रिस्टोफर ली हॅमरला वैतागून इथे आला होता, कारण कादंबरीतला मिशाळ म्हातारा, जो रक्त पिऊन तरुण होत जातो, तो त्याला करायचा होता. तो झालाही चांगला. पण पेंढा भरलेली जनावरं चवताळून उठतात त्या प्रसंगाला तुम्ही हसलात तर माझी हरकत नाही.

त्याच सेटवर पेरे पोर्ताबेया नावाचा कातालान, म्हणजे स्पेनच्या कातालोनिया प्रांतातला, दिग्दर्शक आपला कॅमेरा घेऊन फिरत होता. दिग्दर्शक लुईस बुन्युएलच्या बंदी आलेल्या ‘विरिदिआना’च्या निर्मात्यांपैकी तो एक, त्यामुळे सरकारच्या वाईट यादीत. त्याने तेच प्रसंग, तेच नट, तेच झगे टिपले, पण रखरखीत कृष्णधवलमध्ये आणि जवळजवळ संवादाविना. मध्येच कोणीतरी पंख्याने कोळिष्टकं उडवून कोपऱ्यात चिकटवतोय, धुराचं यंत्र फुसफुसतंय, शवपेटीत झोपलेली नटी हसतेय. मधूनच आगगाडी किंवा विमानाचा आवाज. सिनेमाचं नाव ‘कुआदेकुक, व्हाम्पीर’. कुआदेकुक म्हणजे कातालानमध्ये अळीची शेपटी, आणि फिल्मच्या रिळाचं शेवटचं कोरं टोकही. कातालान भाषेला सार्वजनिक जागा नाकारलेल्या देशात नाव कातालान, आणि विषय मरता मरत नसलेला एक म्हातारा सत्ताधीश. आणखी स्पष्ट काय बोलायचं असतं?

शेवटच्या प्रसंगात ली मेकअपच्या खोलीत बसलेला आहे. डोळ्यांतल्या लेन्स काढतो, सुळे काढतो. मग स्टोकरची कादंबरी उघडून ड्रॅक्युलाच्या मृत्यूचा उतारा मोठ्याने वाचतो. अख्ख्या सिनेमात माणसाच्या तोंडून ऐकू येणारं बोलणं तेवढंच. आवाज त्याचा स्वतःचा आहे, डब केलेला नाही.