मळका मुखवटा, रबरी तलवार: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

नमस्कार सर,

आपला रिव्ह्यू वाचला. आमच्याकडून घेतलेला, सिनेमात वापरलेला राक्षसाचा मुखवटा आतून मळका निघाला, उन्हाळ्यात तडकला, तलवार ‘चक्क रबराची’ आणि वर ‘शुद्ध फसवणूक’. हे शेवटचे दोन शब्द नसते तर फोनवर बोललो असतो. इथे बाकीची गिऱ्हाइकंही वाचतात, म्हणून इथेच लिहितो.

आधी तलवार. मारामारीच्या शॉटला लोखंडी पातं कुणी कुणाच्या अंगावर चालवत नाही. क्लोजअपला धातूची, लढाईला रबराची, अशा एकाच तलवारीच्या दोन-तीन प्रती सेटवर असतात. आपण ‘पडद्यावर लढाईत दिसलेलीच द्या’ म्हणालात, ती दिली. मुठीजवळचा टवका सोबतच्या फ्रेमच्या प्रिंटशी, म्हणजे सिनेमातल्या त्या दृश्याच्या छापील फोटोशी, ताडून बघा, जागा आणि आकार दोन्ही जुळतात. या धंद्यात पुरावा म्हणजे असलं काहीतरी. बाकी विकणाऱ्याच्या तोंडच्या गोष्टी, माझ्यासुद्धा.

मळाचंही तेच. आतला वाळलेला गोंद, हनुवटीवरचा मेकअप, घामाचे डाग, यावरूनच मुखवटा कुणीतरी घालून काम केलंय हे कळतं. नाटकवाल्या सांगलीत हे सांगावं लागतंय! १९३९ च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’मधल्या लाल बुटांची एक जोडी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. दोन बूट मुळात एका जोडीचेही नाहीत. नाचताना आवाज होऊ नये म्हणून तळव्यांना फेल्ट, म्हणजे जाड मऊ कापड, चिकटवलेलं आहे, ते कुणी काढून टाकलेलं नाही. आपण मात्र मुखवटा साबणाने धुतलात. वाचून पोटात गोळाच आला.

आता तडा. मुखवटा लॅटेक्सचा आहे. लॅटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. ऊन, उष्णता आणि हवा लागून तो कडक होतो, त्याचा फेसाळ फोम केलेला असला तर त्याचा भुगा होतो. शूटिंगचे दिवस निघावेत एवढ्याच बेताने हे मुखवटे बनवतात, त्यामुळे पुढचं आयुष्य सांभाळणाऱ्याच्या हातात. आपल्याच फोटोत तो पश्चिमेच्या खिडकीसमोर खिळ्याला टांगलाय आणि तकाकीसाठी खोबरेल चोपडलंय. तेही सांगलीच्या एप्रिलमध्ये. तेल रबरात मुरलं की रबर फुगतं, मऊ पडतं. तेल नको, ऊन नको, आत डोक्याच्या आकाराचा आधार हवा, हे बिलाच्या मागे छापलेलं आहे.

मुखवट्याचे पैसे परत मिळणार नाहीत. घेऊन आलात तर आतून आधार बसवून तडा पुढे जाणार नाही असं बघतो, फक्त सामानाचे पैसे घेईन. रंगाला हात लावणार नाही, नवा रंग चढला की वस्तूची किंमतच जाते.

तलवार नको असेल तर बिलाच्या पूर्ण किमतीला परत घेतो. सोमवारी दुकान बंद असतं. येताना तो फ्रेमचा प्रिंट तेवढा आणा, त्याच्याशिवाय मीही ती घेणार नाही.