मामा, स्टार्ट दाबू नकोस!

गेम खेळताना स्टार्टचं बटण दाबायचं नाही, असं मी दादाला रविवारी तीनदा सांगितलं होतं. एकदा जेवायला बसताना. एकदा कंट्रोलर हातात देताना. आणि तिसऱ्यांदा अक्षरशः ओरडून, त्याचा अंगठा त्या बटणाकडे सरकताना दिसला तेव्हा. तरी त्याने दाबलंच. सहा आठवडे मी जे जपून ठेवलं होतं ते अर्ध्या सेकंदात गेलं. आज मंगळवार आहे आणि माझा राग तसूभरही उतरलेला नाही.

आम्ही लेगो स्टार वॉर्स खेळतो. मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी. 'द कम्प्लीट सागा' नावाचा जुना गेम आहे, २००७ चा. पहिल्या सहा सिनेमांची गोष्ट, प्रत्येक सिनेमाची सहा प्रकरणं, म्हणजे एकूण छत्तीस. सगळी माणसं लेगोची, सगळं जग लेगोचं. मार बसला की माणूस मरत नाही, तुकडे होऊन उडतो आणि पुन्हा उभा राहतो. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरही तो सुरळीत चालतो. रोज रात्री गृहपाठ झाला की अर्धा तास, हे आमचं ठरलेलं.

सुरुवात मी मुद्दाम चौथ्या भागापासून केली. या गेममध्ये पहिल्या भागाचं पहिलं प्रकरण संपवलं की बाकीच्या भागांची दारंही उघडतात, म्हणून ते एक प्रकरण उरकलं आणि सरळ चौथ्या भागाच्या दारातून आत शिरलो. तिने आधी ल्यूकला, या गोष्टीच्या नायकाला भेटावं, काळ्या मुखवट्याच्या त्या माणसाला घाबरावं, त्याचा मनापासून राग करावा आणि मग पाचव्या भागाच्या शेवटी तो कोण आहे हे तिला कळावं, एवढीच माझी इच्छा होती. मी स्वतः हे कुणीतरी आधीच सांगून टाकलेलं असताना सिनेमा पाहिला होता. तो क्षण मला कधी मिळालाच नाही. पहिल्या तीन भागांत ते गुपित आधीच उघडं पडतं, म्हणून तिला तो क्षण मिळावा यासाठी मी घरात त्यांचा विषय काढू दिला नाही, यूट्यूबवर लक्ष ठेवलं, शाळेच्या बसमधल्या मोठ्या मुलांकडून कानावर काही पडतंय का याचीही चौकशी केली. सहा आठवडे!

आणि हे गुपित काही साधं नव्हतं. १९८० साली पाचव्या भागाचा तो सिनेमा आला तेव्हा ते फुटू नये म्हणून शूटिंगच्या वेळी डार्थ व्हेडरच्या, म्हणजे त्या काळ्या मुखवट्याच्या माणसाच्या, पोशाखातल्या नटाला खोटं वाक्य दिलं होतं. तुझ्या बापाला ओबी-वॉनने (म्हणजे ल्यूकच्या गुरूने) मारलं, असं तो सेटवर म्हणाला. ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलला खरं काय ते शॉटच्या जरा आधी कानात सांगितलं गेलं. खरं वाक्य नंतर आवाज देताना घातलं. एवढ्या मोठ्या युनिटपासून लपवून ठेवलेली गोष्ट, आणि आमच्या हॉलमध्ये ती कशी बाहेर पडली ते आता ऐका.

दादा जेवून सोफ्यावर आडवा झाला होता. माझी मुलगी म्हणाली, "मामा, खेळतोस का आमच्याबरोबर?" मी उठून त्याला जागा दिली. इथपर्यंत ठीक. पण याने काय करावं? तिच्या हातातला कंट्रोलर घेतला आणि तिला कीबोर्ड दिला. आठ वर्षांच्या मुलीला! का, तर म्हणे "मला कीबोर्डवर जमत नाही." मग तिला जमतं? तिची बोटं पोचत तरी आहेत का सगळ्या कळांवर, हे बघितलंस? पाहुणा म्हणून मी गप्प बसले. तीच माझी पहिली चूक.

ते पाचव्या भागातलं क्लाउड सिटीचं, ढगांतल्या शहराचं प्रकरण. ल्यूक आणि त्याचा छोटा रोबो आर-टू-डी-टू. तिला आर-टू प्राणाहून प्रिय आहे, म्हणून ती आर-टू, हा ल्यूक. आर-टूला उडी मारता येत नाही. दरी आली की तो जेमतेम तरंगत पलीकडे जातो, तेही सावकाश. आणि या गेममध्ये दोघांचा पडदा एकच असतो, मधून दुभागत नाही. म्हणजे एक जण पुढे पळाला की कॅमेरा त्याच्या मागे ओढला जातो आणि मागचा त्याच्याबरोबर फरफटतो. हे मी त्याला सांगितलं. "दादा, ती येईपर्यंत थांब." "हो हो." आणि गेला पळत! ती दरीवर मधोमध तरंगतेय, पडदा पुढे सरकला आणि आर-टू खाली. पुन्हा उभा राहिला, पुन्हा हा पळाला, पुन्हा खाली. चार वेळा. ती सारखी म्हणतेय, "मामा, थांब ना. मामा, थांब ना रे." त्या आवाजातला तो 'रे' अजून माझ्या कानात आहे.

शिवाय या गेममध्ये आपल्याच जोडीदारालाही मार लागतो. याची तलवार दोनदा तिच्या आर-टूवर बसली. फुटलं की आपण जमवलेले स्टड, म्हणजे या गेममधली नाणी, बाहेर उडतात, थोडा वेळ जमिनीवर लुकलुकतात आणि विझून जातात. चांदीचा दहाचा, सोन्याचा शंभराचा, निळा हजाराचा. निळा दिसला की ती आनंदाने किंचाळते. तिचे उडालेले निळे स्टड तिच्या डोळ्यांसमोर कुणी उचलले? यानेच! आणि वर "मला मिळाले" म्हणून सांगतोय. बेचाळीस वर्षांचा माणूस.

मी म्हटलं, अरे जरा तिच्या कलाने घे. तर म्हणाला, "अगं लहान मुलांचा गेम आहे, काय एवढं मनाला लावून घेतेस."

हे वाक्य माझ्या डोक्यात जातं. लहान मुलांचा आहे ना? मग लहान मुलासारखा खेळ! लहान मुलं थांबतात. प्रत्येक खोलीत खुर्च्या फोडतात, दिव्यांचे खांब फोडतात, सुट्या तुकड्यांचा ढीग दिसला की तो हलतोय बघून धावत जातात आणि त्यातून काय बनतंय ते पूर्ण होईपर्यंत बघत राहतात. एकेका प्रकरणात मिनिकिटचे, म्हणजे छोट्या मॉडेलच्या सुट्या भागांचे, दहा दहा डबे लपवून ठेवलेत ते पळत सुटणाऱ्यासाठी ठेवलेले नाहीत. आडवाटेला गेलं तर व्हेडरच्या बाजूचे सैनिक, स्टॉर्मट्रूपर, गरम पाण्याच्या टबात पाय पसरून बसलेले सापडतात. कुणीतरी बसून, विचार करून ते तिथे ठेवलंय. हा गेम रमतगमत खेळायचा आहे. घाई ज्याला असेल त्याने रविवारी दुपारी दुसरं काहीतरी करावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मधले ते सिनेमासारखे तुकडे, कटसीन. स्टार्ट दाबलं की ते न दिसताच पुढे जातात, आणि या गेमचा सगळा जीव तर त्यांतच आहे. जुन्या लेगो स्टार वॉर्समध्ये कुणी एक अक्षर बोलत नाही. हुं, अं, आं, खांदे उडवणं, भुवया वर करणं, बस्स. २००५ मध्ये पहिला गेम आला तेव्हापासून हे असंच. तो गेम तर तिसरा सिनेमा थिएटरला लागायच्या आधीच मार्चमध्ये आला होता, म्हणजे अनाकिनचा, व्हेडर होण्याआधीच्या त्याच माणसाचा, शेवट कित्येकांनी आधी लेगोमध्ये, मूकपणे पाहिला. माझी मुलगी मराठी शाळेत जाते. इंग्रजी सिनेमा लावला की अर्धा वेळ मला "काय म्हणाला?" विचारत असते. इथे तिला एकदाही विचारावं लागत नाही. पडद्यावर एखादी सूचना आली तर तेवढी मी वाचून दाखवते, बाकी सगळी गोष्ट तिची तिला समजते. हान सोलोने काय विनोद केला ते तिला माझ्या आधी कळतं. २०२२ च्या 'द स्कायवॉकर सागा'त नऊही सिनेमे आहेत, पण त्यात सगळे इंग्रजीत बोलतात. बरं, त्यातही नुसतं पुटपुटण्याचा पर्याय ठेवलाय, तेव्हा कुणाला तरी कळलं म्हणायचं. मला जुनाच आवडतो.

आणि त्या मूकपणातला सगळ्यात सुंदर प्रसंग कुठला? तोच. क्लाउड सिटी, लढाई संपलेली, ल्यूक कोपऱ्यात सापडलेला. सिनेमात व्हेडर ते वाक्य म्हणतो. इथे तर बोलताच येत नाही! मग तो काय करतो, तर एक फोटो काढून ल्यूकपुढे धरतो. जगातलं सर्वांत गाजलेलं गुपित, आणि ते सांगायला एक फोटो. मी तो प्रसंग कितीदा पाहिलाय, दर वेळी हसते आणि दर वेळी पोटात खड्डाही पडतो. तिचा चेहरा त्या वेळी कसा होतो ते बघायला मी स्वयंपाकघरातलं काम टाकून, ओले हात पुसत दारात येऊन उभी राहिले होते.

लढाई संपली. पडदा काळा झाला. कटसीन सुरू झाला. ल्यूक मागे सरकतोय. तिने कीबोर्डवरून हात उचलले, गुडघे पोटाशी घेतले आणि पुढे झुकली. मी ओरडले, "दादा, स्टार्ट नको!"

दाबलं.

प्रकरण संपल्याची पाटी, स्टडची मोजदाद सुरू. ती गोंधळून म्हणाली, "काय झालं? तो काहीतरी दाखवणार होता." आणि हा माणूस, माझा सख्खा भाऊ, पडद्यावरची नजरही न हलवता म्हणाला, "काही नाही गं. तो काळा त्या ल्यूकचा बाप असतो. चल, पुढचं लाव."

तो काळा त्याचा बाप असतो! बस ठाण्याच्या पुढे गेली असं सांगावं तशा सुरात!

ती काही बोलली नाही. फक्त माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी इतका संताप आला की चहाचं आधण तसंच ठेवून मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आणि आई म्हणते, "जाऊ दे गं, गेमच तर आहे, दादाला काय माहीत." काय माहीत म्हणजे? तीनदा सांगितलं होतं! दादा, तुझ्या क्रिकेटच्या मॅचचा शेवटचा चेंडू पडताना मी रिमोट दाबला असता तर चाललं असतं का? मागे वर्ल्ड कपच्या वेळी टीव्हीपुढून नुसतं चालत गेले म्हणून तू माझ्यावर केवढा खेकसला होतास, आठवतंय? तेव्हा नाही म्हणालास, खेळच तर आहे.

काल रात्री आम्ही दोघी ते अख्खं प्रकरण पुन्हा खेळलो. तिच्या हातात कंट्रोलर, कीबोर्ड माझ्याकडे. दरीपाशी मी तिची वाट बघत थांबले. आर-टू सावकाश तरंगत पलीकडे आला, एकदाही पडला नाही. लढाई झाली, कटसीन आला, आम्ही दोघींनी हात मांडीवर ठेवले. व्हेडरने फोटो काढला. ती हसली. थोडंसंच. मग म्हणाली, "आई, मला जर आधी माहीत नसतं ना, तर मला आत्ता कळलं असतं."

दादा, तू हे वाचशीलच, वहिनी दाखवेलच तुला. सहाव्या भागात अजून एक गोष्ट आहे, ती तिला अजून माहीत नाही. तुला माहीत आहे. रविवारी ये, जेव, पाहिजे तर झोप काढ. पण त्या गोष्टीबद्दल तोंडातून एक शब्द काढायचा नाही. आणि कंट्रोलर मी कपाटात ठेवलाय, किल्ली तिच्याकडे आहे. तो मागू नकोस.