'आधी अभ्यास करा' म्हणणाऱ्या वाचकांना

हार्ट अटॅकनंतर कधीकधी हृदयाच्या दोन कप्प्यांमधला पडदा फाटतो, त्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत, "हजारात दोघा-तिघांना होणाऱ्या गोष्टीचं एवढं रामायण कशाला? आधी अभ्यास करा, मग लोकांना घाबरवा." शिवाय चार चुकाही दाखवल्यात.

त्यातली एक मान्य. अटॅकनंतरच्या दुसऱ्या एका धोक्याबद्दल 'झडप फाटते' असं मी लिहिलं होतं. तुटतो तो झडपेला खालून धरून ठेवणारा पॅपिलरी स्नायू. दुरुस्ती केली आहे, आभार. बाकीच्या तीन म्हणजे नुसता शब्दांचा कीस आहे, त्यात मी पडत नाही.

पण "आधी अभ्यास करा"? ओळखदेख नसलेल्या माणसाशी असं बोलतात? चूक दाखवायला माझी कधीच ना नव्हती. ही भाषा मात्र मला लागली.

माझा अभ्यास सीसीयूबाहेरच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर झाला. वडिलांच्या छातीत दुखत होतं आणि आम्ही ॲसिडिटी समजून रात्रभर घरीच थांबलो. बंद रक्तवाहिनी उघडायला उशीर झाला तो तिथेच. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः दाढी केली. दुपारी दरदरून घाम फुटला, बीपी कोसळलं. घाम पुसताना छातीच्या हाडाच्या डाव्या बाजूला माझ्या तळव्याला थरथर लागली, मांजर गुरगुरतं तशी. डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला, काढला, पुन्हा लावला. आदल्या दिवशी नसलेला खरखरीत आवाज होता. इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत दिसलं, दोन जवनिकांमधल्या (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या) पडद्याला भोक पडलंय आणि डावीकडचं रक्त उजवीकडे घुसतंय. ऑपरेशन केलं, पण मेलेला स्नायू इतका लिबलिबीत झाला होता की टाके धरेनात. वडील गेले.

आता तुमचा आकडा. अटॅक आलेल्या हजारात दोन-तीन हे बरोबरच आहे. पण रक्तवाहिनी वेळेत उघडण्याचे उपचार नव्हते तेव्हा हेच प्रमाण शंभरात एक-दोन होतं. ते कमी झालं त्यात लवकर मिळणाऱ्या उपचारांचा मोठा वाटा आहे, आणि उशिरा पोचणाऱ्याला धोका आजही जास्त आहे. माझा अख्खा लेख एवढंच सांगत होता. तो शेवटपर्यंत वाचण्याची तसदी आपण घेतली नसावी.

"घाबरवता" म्हणालात. त्या रात्री आम्हाला कुणी घाबरवलं असतं तर आम्ही तासाभरात दवाखान्यात असतो. लेख काढणार नाही.