वन-टचची सक्ती केली की खेळ फास्ट होतो म्हणे

फुटबॉल कोचिंगबद्दल परत तोच मेसेज फिरतोय. "क्विक पासिंग शिकवायचंय? पहिल्या दिवसापासून वन-टच (बॉल न थांबवता एकाच टचमध्ये पास) कम्पल्सरी करा, ड्रिब्लिंग (बॉल पायाशी घेऊन पळणं) बंद, रोज कोन (प्लास्टिकचे शंकू) लावून शंभर पास, जितके जास्त पास तितका खेळ फास्ट, महिन्याभरात टीम बार्सिलोनासारखी खेळेल." कोच लोकं पण अंगठे दाखवतायत म्हणून लिहितोय.

आधी ते वन-टच. मी स्वतः केलंय हे. रोंडो लावला, म्हणजे दहा बाय दहा मीटरच्या चौकोनात चौघं आपापसात पास करतात आणि मधले दोघं बॉल हिसकावतात, आणि एकच टच. झालं काय, तर पोरं पास देतच नव्हती, अंगावरचं झुरळ झटकावं तसा बॉल झटकत होती, तो गुडघ्याएवढा उडत पुढच्याकडे, त्यालाही एकच टच, म्हणजे त्याचा पास अजून वाईट, आणि मधले दोघं डिफेंडर न पळता बॉल गोळा करतायत. मग दोन टच दिले आणि एवढंच सांगितलं की बॉल यायच्या आधी मान वळवून मागे बघ आणि अंग तिरकं ठेव, म्हणजे बॉल लांबच्या पायावर घेता येतो आणि पलीकडची बाजू दिसते. थोड्या वेळाने बरेच पास आपोआप एका टचमध्ये जायला लागले, कुणी सांगितलं नव्हतं! वेळ पायात जात नाही हो, बॉल आल्यावर "आता कुणाला देऊ" शोधण्यात जातो.

कोन लावून शंभर पास? वॉर्मअपला ठीक आहे. पण कोन अंगावर येत नाही, पासची वाट अडवत नाही, मग ठरवायला शिकणार कधी? आणि पासचा जोर कुणी बघतच नाही, रांगत आलेल्या पासवर घेणारा कितीही शार्प असला तरी डिफेंडर पोचलेला असतो.

ड्रिब्लिंग बंद हे तर कहर. ज्या बार्सिलोनाचं नाव घेताय त्यात मेस्सी आणि इनिएस्टासारखे ड्रिब्लिंग करणारे होते राव. एखादा माणूस अंगावर ओढल्याशिवाय दुसरा मोकळा होणार कसा?

जास्त पास म्हणजे फास्ट, हेही नाही. २०१८ च्या वर्ल्ड कपमध्ये स्पेनने रशियाविरुद्ध हजारावर पास केले, मॅच १-१, पेनल्टीवर बाहेर. २०२२ ला मोरोक्कोविरुद्ध पुन्हा तेच, ०-० आणि पेनल्टी.

महिन्याभराचं काय बोलायचं, बार्सिलोनाचा पासिंगचा उस्ताद झावी ११ व्या वर्षी त्यांच्या अॅकॅडमीत गेला, मेन टीममध्ये आला १९९८ ला, म्हणजे सात वर्षांनी. आणि तो झावी होता.

सक्तीच करायची तर बघण्याची करा. पास निघाला की मी घेणाऱ्याच्या पाठीमागे बोटं वर करतो, बॉल पायाशी यायच्या आत त्याने आकडा ओरडायचा. पहिल्या दिवशी सगळे "तीन" ओरडतात, मी पाच दाखवली असली तरी.