कानेलोला कृतघ्न ठरवणाऱ्यांना उत्तर

मेक्सिकोच्या साउल 'कानेलो' आल्वारेसबद्दल बॉक्सिंगच्या चाहत्यांमध्ये एक दावा वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो साधारण असा: माजी जगज्जेता बॉक्सर ऑस्कर डी ला होयाच्या गोल्डन बॉय या लढती भरवणाऱ्या (प्रमोटर) कंपनीने आणि टीव्हीवाल्यांनी लाल केसांच्या एका पोराला शून्यातून स्टार केलं. तो मोठा झाला आणि कोरोनात सगळा धंदा बसलेला असताना हावेपोटी करार मोडून निघून गेला. पुढे मोकळा झाल्यावर सोयीचे प्रतिस्पर्धी निवडत राहिला.

शेवटच्या आरोपात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतो. पहिले दोन मात्र मला खेळाडूवर अन्याय करणारे वाटतात.

'शून्यातून' हा शब्दच आधी खोडायला हवा. गोल्डन बॉयने त्याला करारबद्ध केलं २०१० च्या सुरुवातीला. व्यावसायिक रिंगणात तो उतरला होता २००५ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी. म्हणजे लॉस एंजेलिसची कंपनी दारात आली तेव्हा त्याच्या तीसच्या आसपास लढती झालेल्या होत्या आणि तो अपराजित होता. घरात सात भाऊ, सातही बॉक्सर. त्याचा बचाव, कमरेतून फिरणारं डोकं, पोटात बसणारा डावा हूक हे सगळं मेक्सिकोतल्या ग्वादालाहारा शहरात चेपो आणि एडी रेनोसो या बापलेकांनी घडवलं. एडी पुढेही त्याच्या कोपऱ्यात उभा राहिला. प्रमोटर बदलले, वाहिन्या बदलल्या, गुरू बदलला नाही. कृतघ्न माणसाचं हे लक्षण नव्हे.

प्रतिमा मात्र खरोखर बाहेरून आली. मेक्सिकोत टेलेव्हिसा या टीव्ही कंपनीने त्याला घराघरांत नेलं. अमेरिकेत गोल्डन बॉयने त्याला डी ला होयाचा वारस म्हणून उभं केलं आणि मे व सप्टेंबरमधल्या मेक्सिकन सणांचे शनिवार-रविवार त्याच्या नावावर केले. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फ्लॉइड मेवेदरविरुद्धची लढत सुमारे २२ लाख घरांनी पैसे मोजून पाहिली. हे श्रेय कंपनीला दिलंच पाहिजे. पण त्या जाहिरातबाजीची किंमत त्यानेही मोजली. 'हा टीव्हीने बनवलेला हिरो' म्हणून त्याच्याच देशातले कितीतरी चाहते त्याच्याकडे संशयाने बघत राहिले. आणि कंपनीने त्याच्या प्रत्येक लढतीतून आपला वाटा घेतलाच होता. मग उपकार कसले राहिले?

आता करार. ऑक्टोबर २०१८ मध्ये डाझोन या स्ट्रीमिंग कंपनीशी ११ लढतींचा, ३६.५ कोटी डॉलरचा सौदा जाहीर झाला. रॉकी फील्डिंग, डॅनियल जेकब्स, सर्गेई कोवालेव अशा तीन लढती त्याने दिल्या आणि जिंकल्या. उरल्या आठ, प्रत्येकीचे साडेतीन कोटी. सप्टेंबर २०२० मध्ये त्याने डाझोन, गोल्डन बॉय आणि डी ला होयावर दावा ठोकला तो २८ कोटींचा. आठ गुणिले साडेतीन कोटी, बरोबर तेवढेच. नवं काही मागितलं नव्हतं, लिहून दिलेलं मागितलं होतं. तो लढायला तयार असताना ठरलेली रक्कम द्यायला नकार दिला जातो, ही त्याची तक्रार होती. कोरोनाने वाहिनीचं कंबरडं मोडलं हे खरं. पण हमीची रक्कम लिहून घेतात ती नेमकी वाईट दिवसांसाठीच. प्रकरण निकालापर्यंत गेलं नाही. नोव्हेंबरमध्ये तडजोड झाली आणि तो मोकळा झाला. त्यामुळे 'त्याने करार मोडला' असं छातीठोक सांगणाऱ्यांच्या हातात कुठल्याही कोर्टाचा निकाल नाही.

शिवाय बिनसलं होतं ते त्याच्याही आधी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयबीएफ या जगज्जेतेपद देणाऱ्या संघटनेने त्याचा मिडलवेट (१६० पौंड गटाचा) पट्टा काढून घेतला, कारण संघटनेने ठरवून दिलेल्या अनिवार्य आव्हानवीराशी वाटाघाटी फिसकटल्या. या वाटाघाटी करणं प्रमोटरचं काम, आणि कानेलोने आपली नाराजी उघडपणे मांडली. त्याच नोव्हेंबरमध्ये कोवालेवविरुद्धची लढत तासाहून अधिक उशिरा सुरू झाली, का तर त्याच रात्री न्यूयॉर्कमध्ये यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्स स्पर्धेची मुख्य लढत चालू होती आणि प्रेक्षक विभागायला नको होते. दोन वजनगट वर जाऊन जगज्जेतेपदासाठी लढणारा माणूस ताटकळत बसला. स्टार म्हणून ज्याचा चेहरा विकायचा, त्याच्या शरीराची, तयारीची एवढीच किंमत? मला त्याचा तेव्हाही राग आला होता.

निष्ठेचे धडे डी ला होयाच्या बाजूने देणाऱ्यांना आणखी एक आठवण द्यायला हवी. डी ला होया स्वतः आपल्या प्रमोटरविरुद्ध, बॉब एरमच्या टॉप रँक कंपनीविरुद्ध कोर्टात गेला होता, २००१ मध्ये कोर्टाने त्याला त्या करारातून मोकळं केलं आणि मग त्याने स्वतःची कंपनी उभी केली. ते योग्यच होतं. त्याच्या आदल्याच वर्षी अमेरिकेने मुहम्मद अलीच्या नावाने कायदा केला होता. लढतीतून आपल्याला किती पैसा मिळतो हे प्रमोटरने बॉक्सरला सांगितलंच पाहिजे, असं तो कायदा म्हणतो. बॉक्सरला अंधारात ठेवण्याची रीत इतकी जुनी होती की त्यासाठी संसदेला कायदा करावा लागला. जो हक्क डी ला होयाला होता, तो कानेलोला का नसावा?

आणि प्रतिमा शेवटी कोणाची, तेही दिसलं. २०१८ मध्ये कानेलोच्या चाचणीत क्लेनब्युटेरॉल हे बंदी असलेलं औषध सापडलं तेव्हा दूषित मांसामुळे ते आलं असं गोल्डन बॉयने जाहीर सांगितलं. अमेरिकेतल्या नेवाडा राज्याच्या क्रीडा आयोगाने सहा महिन्यांची बंदी घातली. मे २०२४ मध्ये गोल्डन बॉयच्या हाइमे मुंगियाशी कानेलोची लढत होती, तिच्याआधीच्या पत्रकार परिषदेत कानेलो आणि डी ला होयाची जुंपली आणि डी ला होयाने तीच चाचणी त्याच्या तोंडावर फेकली. करारात असेपर्यंत झाकायची आणि सुटला की उघडी करायची, ही निष्ठा मला कळत नाही.

राहिला सोयीच्या प्रतिस्पर्ध्यांचा मुद्दा. सुटकेनंतर वर्षभरात तो चार वेळा लढला. अव्नी यिल्दिरिम कमकुवत होता, मान्य. पण कॅलम स्मिथ (सहा फूट तीन इंच उंचीचा), बिली जो सॉन्डर्स आणि केलेब प्लँट हे तिघेही त्याच्यासमोर आले तेव्हा अपराजित होते. सॉन्डर्सच्या लढतीला टेक्सासच्या स्टेडियममध्ये ७३,१२६ लोक होते. नोव्हेंबर २०२१ मध्ये १६८ पौंड गटातले चारही प्रमुख संघटनांचे पट्टे त्याच्याकडे आले, हे आधी कोणी केलेलं नव्हतं. यातल्या पहिल्या तीन लढती डाझोनवरच दिसल्या. म्हणजे त्याने वाहिनी सोडली नव्हती, फक्त एकदोन लढतींचे छोटे सौदे स्वतः करायला लागला. मे २०२२ मध्ये तो वरच्या गटात गेला आणि दिमित्री बिव्होलकडून हरला. सोय पाहणारा तिथे जात नाही.

डेव्हिड बेनाविदेसचं उत्तर मात्र त्याच्याकडे नाही. तो गडी कित्येक वर्षं त्याच्याच गटात दार ठोठावत होता आणि कानेलोने त्याला लढत दिली नाही. इथे प्रमोटरवर किंवा वाहिनीवर बोट दाखवता येत नाही, कारण निवड आता त्याची होती. ही टीका करणाऱ्यांशी मी सहमत आहे. पण ती २०२० च्या फारकतीवर चिकटवू नका.