घर क्रमांक शून्य, मुक्काम कालव्यावर

मतदार यादीत 'घर क्रमांक शून्य' असलेली नावं आली कुठून, यावर २०२५ च्या ऑगस्टमध्ये आपल्याकडे जो धुरळा उडाला तो अजून पुरता बसलेला नाही. एका खोलीच्या पत्त्यावर ढिगानं नावं, एकाच माणसाची दोन गावांत नोंद, त्यावरून १ नोव्हेंबरला मुंबईत निघालेला विरोधकांचा मोर्चा. आणि आयोगाचं उत्तर असं की ज्यांना घर नाही किंवा घराला नंबर नाही, त्यांच्यापुढे शून्य पडतो. यादी साफ व्हायला हवी, याबद्दल माझं दुमत नाही. पण गावाकडच्या ग्रुपवर या वादाला जो सूर लागतो तो खटकतो. ज्याचा पत्ता पक्का नाही तो माणूसच बोगस, असा तो सूर आहे.

मी ज्या घरात बसून हे लिहितोय त्याला नंबर नाही. ते फ्रान्समध्ये एका धक्क्याला दोरांनी बांधलेलं आहे आणि वसंत आला की चालू लागतं.

आम्ही नवरा-बायको निवृत्तीनंतर एका जुन्या डच मालवाहू बोटीवर राहायला आलो. हिवाळा सोन नदीवरच्या सँ-जाँ-द-लोन गावात जातो. थंडीत कालव्यांचे कितीतरी भाग दुरुस्तीसाठी बंद करतात, काही तर कोरडे पाडतात, त्यामुळे हलायचं म्हटलं तरी वाट नसते. या देशाच्या जलमार्ग खात्याकडे, व्हीएनएफकडे, सुमारे ६,७०० किलोमीटर नद्या-कालवे आहेत. आमच्या गावातून निघणारा बुर्गोन्य कालवा २४२ किलोमीटरचा आणि त्यावर १८९ लॉक.

लॉक म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली न्यायचा, दोन दारांमधला उभट दगडी हौद. बोट आत घ्यायची, शेवाळलेल्या भिंतीला खेटून उभी करायची, दोर वरच्या खुंटाला एक वेढा देऊन टोक हातात धरायचं. गाठ मारायची नाही. चढताना दोर ओढत राहायचा, उतरताना सोडत जायचा. उतरताना कोणी गाठ मारून चहा टाकायला आत गेला, तर पाणी खाली जातं आणि बोट दोराला लटकते. स्वयंचलित लॉकवर भिंतीशी दोन दांडे असतात. निळा उचलला की दारं मिटून काम सुरू, लाल ओढला की सगळं जागच्या जागी बंद. आमच्याकडे लालला हात लावायची बंदी मीच घातली आहे, कारण एकदा लाल ओढलं की खात्याचा माणूस येईपर्यंत बसून राहावं लागतं. आणि दुपारची जेवणाची वेळ असेल तर मग बघायलाच नको.

हे ऐकून गावाकडचे लोक म्हणतात, मजा आहे तुमची. मजा आहेच. पण परक्या माणसाला पाण्यावर राहायचं तर कागद जमिनीवरचेच लागतात. आमचा परवाना 'व्हिजिटर' म्हणून मिळणारा: इथं नोकरी करणार नाही असं लिहून द्यायचं, पैसा आणि आरोग्य विमा दाखवायचा, आणि राहत्या जागेचा पुरावा द्यायचा. पुरावा म्हणजे बहुधा विजेचं बिल किंवा भाडेकरार. आम्ही बंदराचा करार दिला, बोटीच्या विम्याचा कागद दिला, बंदर कार्यालयाचं पत्र जोडलं. धक्क्याचं नाव, त्याखाली बोटीचं नाव, हाच आमचा पत्ता. एका कारकून बाईंनी तो कागद दोनदा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "मजला कितवा?" शेजारच्या इंग्रज जोडप्याचे तर याहून हाल. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यामुळे २०२१ पासून त्यांनाही आपल्यासारखाच नियम: लांब मुक्कामाचा परवाना नसेल तर १८० दिवसांत ९० दिवसच राहायचं. वर्षानुवर्षं बोटीवर राहिलेली माणसं आता कॅलेंडरवर फुल्या मारत बसतात.

तरीही इथल्या एका जुन्या तरतुदीनं मी चकित झालो. फ्रेंच निवडणूक कायद्यात एक कलम खास मालवाहू बोटींवर राहणाऱ्या नावाड्यांसाठी आहे. ज्यांचं घर आज इथं, उद्या तिथं, त्यांनी आणि त्यांच्या बोटीवरच्या कुटुंबानं ठरावीक गावांपैकी एक निवडायचं आणि तिथल्या मतदार यादीत नाव घालायचं. काँफ्लाँ-सँत-ओनोरिन, सँ-मामेस, आणि आमचं सँ-जाँ-द-लोनही त्या गावांत आहे. शिवाय मतदानाच्या दिवशी बोट दुसऱ्या टोकाला असली तर दुसऱ्याला मुखत्यार करून मत टाकता येतं, ही सोय तर सगळ्याच फ्रेंच मतदारांना आहे. फिरतीवरच्या माणसाला कोणी बोगस म्हटलं नाही. त्याच्यासाठी यादीची रीत बदलली.

फ्रेंचांचे फार गोडवे गाऊ नयेत. हेच सरकार कॅरॅव्हॅनमधून फिरणाऱ्या भटक्यांशी अगदी उलटं वागलं. १९६९ च्या कायद्यानं त्यांच्या हातात सतत जवळ बाळगायची फिरतीची पुस्तिका दिली. मत हवं तर एका गावाशी सलग तीन वर्षं जोडलेलं असण्याची अट घातली. ती अट, कायदा घटनेत बसतो का हे तपासणाऱ्या तिथल्या घटना परिषदेनं २०१२ मध्ये रद्द केली आणि अख्खा कायदा २०१७ मध्ये गेला. दोघंही फिरते, दोघांचंही घर चालतं. फरक एवढाच की नावाडी कोळसा आणि धान्य वाहत होता. ज्याच्या घरात देशाचा माल आहे त्याचा पत्ता सरकार शोधून काढतं, असं मी मनाशी म्हटलं होतं.

पण आपल्याकडे पाहिलं की हा हिशेबही बसत नाही. माझं गाव पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळी झाली की आमच्याकडची निम्मी आळी कुलपं लावते. ऊसतोडीच्या टोळ्या ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, पोरं, शेळ्या चढवून पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि फडाच्या कडेला कोप्या घालून हंगाम काढतात. त्यांच्या कोयत्यावर राज्याचं साखरेचं आणि सहकाराचं राजकारण उभं आहे. २०२४ ची विधानसभा निवडणूक होती २० नोव्हेंबरला, आणि कारखान्यांना उसाच्या गाळपाला परवानगी १५ नोव्हेंबरपासून. ज्याची टोळी आधीच निघाली त्यानं काय करायचं? मजुरी बुडवून, पदरचं भाडं भरून परत यायचं, नाहीतर मत सोडायचं. कोणी उमेदवार गाडी पाठवतो, तेव्हा त्या गाडीचं भाडं कशात वसूल होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे.

उलट माझं बघा. मी परदेशात राहतो, तरी आपल्या निवडणूक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीमुळे पासपोर्टवरच्या पत्त्यावर, त्याच पाथर्डीतल्या कुलूपबंद घरावर, मतदार म्हणून नाव लावू शकतो. त्यासाठी वेगळा अर्ज आहे, ६ अ क्रमांकाचा. माझ्या नावापुढे शून्य पडत नाही, माझ्यावर कोणी संशयही घेत नाही. मत टाकायला स्वतः जावं लागतं, पण विमानाचं तिकीट मला परवडतं.

दूरवरून मतदान करता येईल असं यंत्र आयोगानं २०२३ च्या जानेवारीत पक्षांपुढे मांडलं होतं. विरोधकांनी शंका काढल्या आणि पुढे काही हललं नाही. शंका रास्त असतील. पण यंत्राशिवायही मार्ग आहेत. सैनिकाला टपाली मतपत्रिका मिळते, पंच्याऐंशी वर्षांच्या आजीच्या घरी मतपेटी जाते. मग कारखान्याच्या तळावर का जाऊ नये? माणसं सापडणार नाहीत, हे कारण मला पटत नाही. कोणत्या कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडीला, किती उचल (आगाऊ रक्कम) दिली, तो कोणत्या गावचा, सध्या कोणत्या फडात आहे, हे टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीत रुपयाच्या हिशेबासकट असतं. उचल बुडू नये म्हणून चोख ठेवलेली ही यादी मतासाठी का चालत नाही, ते पत्त्यावरून भांडणाऱ्यांपैकी कोणीतरी सांगावं.