चवथीच्या दुसऱ्या दिवशी ती मुले कुठे जेवतात?

सणासुदीला बेघर मुलांसाठी स्वयंपाक करून नेणाऱ्या कुटुंबांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. वर्षातून दोन-तीन वेळा पुण्य पदरात पाडून घ्यायचे आणि एरवी त्या मुलांकडे वळूनही पाहायचे नाही, याला सेवा कशी म्हणावी, असे विचारले जाते. आक्षेप घेणाऱ्यांच्या तळमळीबद्दल मला शंका नाही. परंतु गोव्यापुरते बोलायचे तर तो मला अजिबात पटत नाही.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की गोव्यातला हिंदू माणूस आपल्या मूळ घरी जातो. मडगाव, फोंडा, म्हापसा येथील बाजार आदल्या दिवशी रात्रीपर्यंत माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या, सामानाने ओसंडून वाहत असतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बहुतेक दुकाने बंद झालेली दिसतात. भाजी-पावाची हॉटेले, खानावळी, रस्त्यावरचे गाडे यांतले कित्येक दीड दिवसाच्या गणपतीचे विसर्जन झाल्यावरही लगेच उघडत नाहीत, कारण अनेकांच्या घरी गणपती पाच दिवसांचा असतो. यात कोणाचाही दोष नाही. वर्षभर राबणाऱ्या हॉटेलवाल्यालाही घरचा सण हवाच. मात्र त्याच हॉटेलांत भांडी घासणारी, टेबले पुसणारी आणि रात्री तिथेच बाकडी जोडून झोपणारी अठरा-वीस वर्षांची मुले असतात, ज्यांना जायला गाव नाही किंवा गाव असूनही घरात जागा नाही. दार बंद झाले की त्यांचे काम, जेवण आणि डोक्यावरचे छप्पर एकदमच जाते. खिशात चार पैसे असले तरी जवळपास विकत घ्यायला काही उघडे नसते. एरवी कसेबसे भागवणारा मुलगा ऐन सणातच उपाशी राहतो. म्हणूनच त्या दिवसांत नेलेले जेवण कोणी दिखावा ठरवले की मला मनापासून वाईट वाटते.

आमचा गणपती दीड दिवसाचा. विसर्जन झाले की दुसऱ्या दिवशी पहाटेपासून घरातले सगळे स्वयंपाकाला लागतात, आणि ते जेवण आम्ही मडगावच्या रेल्वे स्थानकाच्या आणि कदंब बसस्थानकाच्या परिसरात घेऊन जातो. प्रत्यक्ष चवथीला कोणी ना कोणी तिथे लाडू-मोदक आणून देतो. त्यानंतरच्या दिवसांत मात्र कोणी फिरकत नाही, म्हणून हा दिवस आम्ही मुद्दाम ठरवून घेतला आहे.

काय करावे यावर आमच्या घरी दरवर्षी चर्चा होते आणि दरवर्षी सासूबाईंचे खतखते, म्हणजे नारळाच्या वाटणातली मिश्र भाजीच, ठरते. कणगी, सुरण, मुळा, शेवग्याच्या शेंगा, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि वर तेफळे. पण भाद्रपदातल्या दमट हवेत ओल्या नारळाचे वाटण आंबायला वेळ लागत नाही. शिजवलेले अन्न बाहेरच्या तापमानाला दोन तासांहून अधिक काळ ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. त्यामुळे वाटण अगदी शेवटी घालून खतखते चांगले उकळायचे, टोप गरम असतानाच निघायचे आणि उन्हे चढण्याआधी सर्वांची जेवणे उरकायची, हा सासूबाईंचा नियम आहे व तो मोडायची कोणाची हिंमत नाही. पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, आधी सांगून ठेवले की उंडे, म्हणजे गोल पाव, मिळतात. नेवऱ्या, म्हणजे करंज्या, मात्र टिकतात. त्या संध्याकाळसाठी बांधून देता येतात.

गेल्या वर्षी एका मुलाने माझ्या मुलाच्या हातातला डाव मागून घेतला. तो एका खानावळीत वाढप्याचे काम करीत होता. सुरण एकाच्याच पानात जाऊ नये म्हणून दर वेळी टोप तळापासून ढवळून, सर्वांना सारखे मिळेल अशा बेताने त्याने शेवटच्या माणसापर्यंत वाढले आणि मग स्वतः आमच्याबरोबर जेवायला बसला. वयाने तो माझ्या मुलाएवढाच. माझे ठाम मत आहे की अशा ठिकाणी पाकिटे वाटून निघून येऊ नये; खाली बसावे, सोबत जेवावे, आणि फोटो तर मुळीच काढू नयेत. आपल्या मुलाचा जेवतानाचा फोटो त्याला न विचारता कोणी जगाला दाखवला, तर आपल्याला चालेल का?

या वयाच्या मुलांबद्दल मी आग्रहाने लिहिते, कारण ती दोन व्यवस्थांच्या मधल्या फटीत सापडतात. १०९८ ही मदतवाहिनी १८ वर्षांखालील मुलांसाठी आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४६ नुसार बालगृहातून १८ व्या वर्षी बाहेर पडणाऱ्याला आर्थिक साहाय्य देता येते, आणि २१ वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाचीही, म्हणजे बाहेर पडल्यानंतरच्या आधाराचीही, तरतूद आहे. पण जो मुलगा कधी बालगृहात गेलाच नाही, घरातल्या मारहाणीला कंटाळून थेट हॉटेलच्या मोरीवर येऊन उभा राहिला, त्याला ही तरतूद लागूच होत नाही. त्याच्यासाठी रात्रीचा निवारा आणि हाताला हुन्नर देणारे शिक्षण सरकारने उभे केले पाहिजे. एका कुटुंबाच्या टोपाने ते होणारे नाही, हे मला पुरते ठाऊक आहे. पण ते उभे राहीपर्यंत त्या मुलाला आज जेवायला तर हवे.

सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांकडे मोठी भांडी असतात, आचारी असतात, महाप्रसादाची सवय असते. प्रत्येक शहरातल्या मंडळांनी आणि आमच्यासारख्या कुटुंबांनी आधी बसून दिवस वाटून घेतले, तर हॉटेले उघडेपर्यंत एकही दिवस रिकामा जाणार नाही. मडगावात दीड दिवसाच्या विसर्जनानंतरच्या दिवसाचे जेवण आमच्याकडे आहेच. त्यापुढचे दोन दिवस कोणी घेत असेल तर मला जरूर कळवा. टोप आमच्याकडून घेऊन जा, आणि खतखते कसे टिकवायचे ते सासूबाई आनंदाने सांगतील.